प्रायमर नाहीत, तर प्रेस काय कामाचा?

काडतुसांची टंचाई सुरू झाली की मला हमखास कुणाचा तरी फोन येतो. "तू काडतुसं घरी भरतोस ना? कुठलं मशीन घेऊ?" विचारणारा कधी रायफल क्लबातला असतो, कधी ऑफिसातला, एखाद्‌ वेळी महाराष्ट्र मंडळातलाही. दुकानातल्या फळ्या रिकाम्या दिसल्या की माणसाला स्वावलंबन आठवतं. मशीन आज मागवलंस तर पुढच्या आठवड्यात दारात येईल, पण त्यात घालायला प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडाशी बसणारी, पावडर पेटवणारी छोटी टोपी, मिळणार नाहीत, असं मी सांगतो. ते त्याला पटतही असतं, फक्त ऐकायचं नसतं.

भारतातून वाचणाऱ्यांना हा सगळा प्रकारच चमत्कारिक वाटेल, म्हणून थोडी ओळख करून देतो. मी मूळचा अकोटचा, आता बरीच वर्षं ओहायोत. आमच्या बेसमेंटमध्ये वॉशिंग मशीनच्या पलीकडे एक जाड लाकडी टेबल आहे, त्याला ते मशीन, म्हणजे लोखंडी प्रेस, बोल्टने आवळून बसवलंय. एकदा वापरलेल्या पितळी पुंगळीचा आकार पूर्ववत करायचा, तिच्यात नवा प्रायमर, नवी पावडर (म्हणजे बंदुकीची दारू), नवी गोळी बसवायची, की काडतूस पुन्हा तयार. याला इथे रीलोडिंग म्हणतात. स्वतःपुरतं भरायला अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार परवाना लागत नाही, विकायचं म्हटलं की लागतो. अकोटच्या बालमित्राला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "काबे, घरीच काडतुसं बनवतं? अन् पोलीस?" त्याची शंका रास्तच आहे. आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्री येते. माझा हा प्रेस अकोटच्या घरात नुसता ठेवला तरी कायद्याच्या नजरेत तो दारूगोळाच. तेव्हा पुढचं सगळं अमेरिकेपुरतं आहे.

आणि अमेरिकेतल्या सगळ्या आपल्या लोकांसाठीही नाही. एच-वन-बी किंवा तसल्या व्हिसावर असलेल्याला बंदूकच काय, एक काडतूसही बाळगायला संघीय कायद्याने मनाई आहे. वैध शिकार परवाना असणं वगैरे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्ड हातात आलं की ही आडकाठी जाते. "मित्राबरोबर रेंजवर गेलो, त्याचीच बंदूक चालवली, फोटो इन्स्टावर टाकला" असं हसत सांगणारी पोरं मी पाहिली आहेत. पोरांनो, आधी वकिलाला विचारा. व्हिसाच्या रांगेत इतकी वर्षं काढून असल्या फोटोपायी गोत्यात येऊ नका.

मी या नादाला लागलो तो टंचाईमुळे नव्हे, तर गॅरँडमुळे. एम-वन गॅरँड ही अमेरिकी सैन्याने १९३६ साली स्वीकारलेली रायफल. आठ काडतुसांची क्लिप वरून आत दाबायची, आठवी फैर झाली की रिकामी क्लिप टिंग करून बाहेर उडते. सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम नावाची संस्था सैन्याच्या जुन्या गॅरँड नागरिकांना विकते. त्यांचं एक ठाणं आमच्याच राज्यात, लेक एरीच्या काठावर, पोर्ट क्लिंटनजवळच्या कॅम्प पेरीत आहे. तिथे १९०७ पासून राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा होतात. उन्हाळ्यात तळ्यावरून येणारा वारा, २०० यार्डांवरचं टार्गेट आणि शेजारच्या चटईवर ऐंशी वर्षांचा एखादा म्हातारा, हे एकदा अनुभवलं की माणूस पुन्हा पुन्हा जातो. अडचण एवढीच की गॅरँडचं काडतूस थर्टी-ऑट-सिक्स, पण त्या मापाचं वाटेल ते काडतूस तिला चालत नाही. तिच्या नळीतून घेतलेला वायू एका लांब दांड्याला ढकलतो आणि पुढचं काडतूस आपोआप चढतं. सावकाश जळणाऱ्या पावडरीचं किंवा जड गोळीचं आजकालचं शिकारी काडतूस वापरलं तर त्या दांड्यावर नको इतका दाब येतो आणि तो वाकू शकतो. म्हणजे दुकानाच्या फळीवर थर्टी-ऑट-सिक्सचे डबे दिसत असूनही ते माझ्या उपयोगाचे नाहीत, असं भर सुकाळातही होतं.

ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण टंचाईचा हिशोब इथूनच फिरतो.

काडतुसाचे भाग चार: पुंगळी, गोळी, पावडर, प्रायमर. पुंगळी जमिनीवरून उचलता येते. गोळी अगदीच नडलं तर शिसं वितळवून घरी ओतणारे लोक आहेत. पावडर घरी बनत नाही, पण एका डब्यात बरीच काडतुसं निघतात. प्रायमर मात्र एका काडतुसाला एक म्हणजे एकच, आणि तो वापरला की संपला. मसुराच्या दाण्याहून थोडी मोठी धातूची वाटी, तळाशी स्फोटक मिश्रण. त्यात मुख्यतः लेड स्टिफनेट हे रसायन असतं, जे नुसत्या टोल्याने पेटतं. ते बनवणं ही जोखमीची, जुन्या हातांची कारागिरी आहे. ओल्या अवस्थेत भरायचं, मग वाळवायचं. मागणी वाढली म्हणून कुणी पत्र्याची शेड टाकून नवा कारखाना काढत नाही. अमेरिकेत घरगुती भरणाऱ्यांना प्रायमर पुरवणारी मोठी नावं वर्षानुवर्षं चारच: सीसीआय, फेडरल, विंचेस्टर, रेमिंग्टन. हीच मंडळी तयार काडतुसंही विकतात. आता तुम्ही त्यांच्या जागी बसून बघा. एक प्रायमर सुटा विकला तर काही सेंट. तोच आपल्या काडतुसात बसवून विकला तर कितीतरी जास्त. टंचाईत तुम्ही कुठलं गिऱ्हाईक आधी सांभाळाल? सुटे प्रायमर सर्वांत आधी गायब होतात आणि सर्वांत शेवटी परत येतात, त्याचं कारण एवढं सरळ आहे. यात कुणाचं कारस्थान नाही. क्लबात मात्र दर टंचाईत कारस्थानाचे नवे सिद्धांत ऐकायला मिळतात, आणि ते फुकट असतात.

२०२० मध्ये काय झालं ते आठवा. मार्चमध्ये करोना, मेअखेरीपासून शहराशहरांत निदर्शनं आणि जाळपोळ, नोव्हेंबरात निवडणूक. त्या वर्षी एफबीआयकडे बंदुकीसंबंधीच्या पार्श्वभूमी तपासणीचे जवळपास ४ कोटी अर्ज गेले. ते सगळे खरेदीचे नसतात, परवान्यांचेही असतात, पण तो तोवरचा उच्चांक होता. बंदूक उद्योगाच्या संघटनेचा अंदाज असा की ८४ लाख लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक घेतली. प्रत्येकाने बिचाऱ्याने ५०-५० चे दोनच डबे घेतले म्हणा, तरी ८४ कोटी काडतुसं झाली, आणि त्यात आमच्यासारख्या जुन्या खोडांची भूक धरलेलीच नाही. त्यातच जुलै २०२० मध्ये रेमिंग्टन दिवाळखोरीत गेली. चार कारखान्यांतला एक ऐन गर्दीत अडखळला. तिचा आर्कन्सामधल्या लोनोकचा काडतूस कारखाना व्हिस्टा आउटडोअरने घेतला, आणि व्हिस्टाकडे सीसीआय व फेडरल आधीपासून होतेच. पुढे २०२४ च्या अखेरीस व्हिस्टाचा हा सगळा काडतूस व्यवसाय चेक देशातल्या सीएसजी समूहाने विकत घेतला. थोडक्यात, चारपैकी तीन नावं आज एका मालकाची आहेत, आणि तो मालक युरोपात तोफगोळेही बनवतो.

भाव सांगतो. २०१९ मध्ये हजार प्रायमर साधारण ३० डॉलरला मिळायचे. २०२१ च्या सुरुवातीला दुकानात ते दिसतच नव्हते, आणि लोक आपापसात हजाराला दीडशे-दोनशे डॉलर मागत होते. नाइन एमएम या पिस्तुलाच्या नेहमीच्या काडतुसाचा ५० चा डबा दहा डॉलरच्या आतबाहेर असायचा, तो ३५-४० ला गेला. त्याच वर्षी सप्टेंबरपासून अमेरिकेने रशियन काडतुसांच्या आयातीला नवे परवाने देणं थांबवलं, म्हणजे पोलादी पुंगळीचा स्वस्त मालही आटत गेला. मग कुठून कुठून प्रायमर यायला लागले. बोस्नियातल्या गोराझदे गावात गिनेक्स नावाचा कारखाना आहे हे मला त्याच काळात कळलं. नव्वदच्या दशकातल्या वेढ्याच्या बातम्यांत ऐकलेलं ते गाव, आणि आता त्याची छोटी खोकी ओहायोतल्या माझ्या टेबलावर.

पावडरीची टंचाई थोडी उशिरा आली, आणि ती मला जास्त जवळची वाटते. बिनधुराच्या पावडरीचा गाभा म्हणजे नायट्रोसेल्युलोज, आणि ते बनतं कापसाच्या लिंटरपासून. जिनिंगमध्ये रुई वेगळी झाल्यावर सरकीला जी बारीक लव चिकटून राहते ती लिंटर. अकोटात वाढलेल्या पोराला सरकी सांगावी लागत नाही. थंडीत जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंज्या, गाड्यांची रांग, आणि घरी गाईपुढे सरकीची ढेप. त्या सरकीवरच्या लवेला कुणी तोफेशी जोडेल असं तेव्हा डोक्यातही आलं नसतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, १५५ मिलिमीटरच्या तोफगोळ्यांची मागणी आभाळाला भिडली आणि युरोपातले दारूगोळा कारखानदार चीनहून येणाऱ्या लिंटरबद्दल काळजी करू लागले. तोफगोळ्याच्या एका भारात जेवढी पावडर जाते तेवढ्यात माझ्यासारख्याचे कित्येक हंगाम निघतील. २०२३ संपताना इथल्या कंपन्यांनी पावडरीच्या जागतिक तुटवड्याचं कारण देऊन दरवाढ कळवली, आणि ऑस्ट्रेलियात बनणाऱ्या, रायफलवाल्यांच्या लाडक्या पावडरी दुकानांतून दिसेनाशा झाल्या. तेव्हा प्रायमर परत मिळू लागले होते. सगळे भाग एका वेळी मिळालेत असं मला गेल्या काही वर्षांत क्वचितच आठवतं.

पुंगळ्यांचं तेवढं बरं असतं. नाइन एमएमच्या पुंगळ्या रेंजवर खच पडलेल्या असतात, लोक उचलतही नाहीत. थर्टी-ऑट-सिक्सच्या मात्र प्रत्येक जण आपापल्या मोजून घेतो. इथे एक गंमत सांगतो. क्लबात एक निवृत्त टर्नर आहेत, मला रीलोडिंग शिकवलं ते यांनीच. त्यांच्याकडे जुनी ली-एनफील्ड रायफल आहे, आणि तिच्यासाठी कधी काळी घेतलेली लष्करी थ्री-नॉट-थ्री काडतुसं. एकदा त्यांनी पुंगळी माझ्या हातात ठेवून विचारलं, हे तुमच्याकडचंच ना? बुडाशी 'के एफ' असा ठसा होता. किर्की फॅक्टरी, म्हणजे पुण्याची खडकी! १८६९ पासूनचा तो दारूगोळा कारखाना. मला भलताच आनंद झाला. तो फार टिकला नाही, कारण ती पुंगळी बर्डन पद्धतीची निघाली. बॉक्सर पद्धतीत प्रायमरच्या खाली मधोमध एक भोक असतं, त्यातून सुई घालून जुना प्रायमर एका दणक्यात बाहेर पाडता येतो. बर्डनमध्ये बाजूला दोन बारकी भोकं आणि मधे पुंगळीचाच उंचवटा, त्यामुळे आमच्या नेहमीच्या हत्याराची सुई तिथे मोडते. (बर्डन हा अमेरिकन आणि बॉक्सर इंग्रज. आज अमेरिका बॉक्सरची पद्धत वापरते आणि ब्रिटिशांची जुनी लष्करी काडतुसं बर्डनची. असं का ते विचारू नका.) तर आपल्याकडून आलेली ती एकमेव पुंगळी पुन्हा भरायच्या कामाची नाही. ती माझ्या कपाटात शोभेला आहे.

आता पैशांचं बोलू, कारण फोन त्यासाठीच येतात.

नाइन एमएम घेऊ. सध्या, म्हणजे फळ्या भरलेल्या असताना, साधं काडतूस २२-२५ सेंटला पडतं. घरी भरायचं तर गोळी ९-१० सेंट, प्रायमर ६-७ सेंट, पावडर अडीच-तीन सेंट, पुंगळी फुकट. बेरीज १८ ते २०. म्हणजे काडतुसामागे चार-पाच सेंट वाचले. हजार काडतुसांमागे ४०-५० डॉलर. प्रेस, डाय (पुंगळीला आकार देणारे साचे), वजनकाटा, कॅलिपर, पुंगळ्या घासायचा टंबलर असं सगळं नवं घ्यायचं तर साधा संच तीनशे-चारशेत बसतो, आणि निळ्या रंगाचा तो प्रसिद्ध प्रोग्रेसिव्ह (सगळे टप्पे एका दमात करणारा) प्रेस सगळ्या जोडण्यांसकट हजाराच्या वर सहज जातो. त्यात ऑनलाइन मागवलं तर पावडर-प्रायमरवर प्रत्येक पार्सलला धोकादायक मालाचा वेगळा आकार, वीस-तीस डॉलर. एवढं वसूल व्हायला किती हजार फैरी झाडाव्या लागतील ते तुम्हीच बघा. आणि साध्या, एकेक टप्प्याच्या प्रेसवर तासाला ५०-६० काडतुसं झाली तरी चांगला हात म्हणायचा. तासाला दोन-तीन डॉलर वाचवण्यासाठी बेसमेंटमध्ये बसायचं असेल तर खुशाल बसा, पण बायकोला बचतीचं कारण सांगू नका. तिलाही गुणाकार येतो.

टंचाईत हा हिशोब फिरतो असं लोकांना वाटतं, कारण तयार काडतूस ७०-८० सेंटला गेलेलं असतं. पण तेव्हा प्रायमरही १५-२० सेंटला गेलेला असतो, आणि तोही मिळाला तर. कागदावर बचत मोठी दिसते, हातात प्रायमर नाही. ज्यांनी २०१९ मध्ये तीस डॉलरने घेऊन ठेवले होते त्यांचा फायदा खरा. त्यांनी तो २०१९ मध्ये कमावला होता.

गॅरँडचं गणित निराळं. तिला चालेल असं सैनिकी धर्तीचं साधं काडतूस डॉलरच्या वर, आणि स्पर्धेच्या दर्जाचं दोनच्या आसपास. घरी उत्तम मॅच गोळी घालून ते ८५-९० सेंटमध्ये होतं, कारण पुंगळी चार-पाच वेळा सहज वापरता येते. काडतुसामागे डॉलरभर वाचतो. आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ते काडतूस माझ्या रायफलच्या बेताने बनतं. २०२१ च्या उन्हाळ्यात आमच्या क्लबातल्या गॅरँडवाल्यांपैकी ज्यांच्याकडे टेबल होतं ते मॅचला येत होते, बाकीचे स्कोअर मांडायला येत होते. जुन्या, तिरपागड्या, आता फारशा न बनणाऱ्या काडतुसांचं असंच असतं. कारखाने टंचाईत नाइन एमएम आणि पाच-छप्पनची (५.५६ मिलिमीटर रायफल काडतुसाची) यंत्रं चोवीस तास चालवतात, आणि तुमच्या आजोबांच्या स्वीडिश माउझरचा नंबर सर्वांत शेवटी लागतो. असली बंदूक असेल तर टंचाई असो वा सुकाळ, रीलोडिंग वाजवी आहे असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त नाइन एमएम मारणाऱ्याने टंचाईच्या भीतीने यात पडू नये, हेही तितकंच स्पष्ट.

पॉइंट टू-टूचं विचारू नका. स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य घेतलं, तो प्रकार याच काडतुसाचा. त्यात वेगळा प्रायमर नसतो, स्फोटक पुंगळीच्या दुमडलेल्या काठातच भरलेलं असतं. घाव बसला की काठ चेपला, पुंगळी संपली. २०१२ च्या डिसेंबरातल्या सँडी हूक शाळेतल्या गोळीबारानंतर बंदुकांवर नवे कायदे येतील या धास्तीने जी खरेदी उसळली, तिच्यात हे सर्वांत स्वस्त काडतूस दोन-तीन वर्षं दुर्मीळ झालं होतं, आणि तेव्हा घरचं टेबल कुणाच्याच कामी आलं नाही.

टेबलावरच्या शिस्तीबद्दल थोडं तिखट बोलणार आहे. टंचाईत घाईघाईने सुरुवात करणाऱ्यांची मला भीती वाटते ती पैशासाठी नाही. पिस्तुलाच्या काडतुसात पावडर इतकी कमी लागते की चुकून दोनदा पडली तरी पुंगळीत मावते, वरून गोळी बसते, बाहेरून काही कळत नाही. ते काडतूस पिस्तूल फोडू शकतं. उलट पावडर पडलीच नाही तर नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यात अडकते, आणि मागून दुसरी झाडली की नळी गेली, कदाचित बोटंही. टर्नर आजोबांचा नियम असा की प्रेसवर बसलं की फोन वरच्या मजल्यावर, रेडिओ बंद, आणि कुणी बोलायला आलं तर हात थांबवायचे. टेबलावर एका वेळी एकच पावडरीचा डबा. गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत टॉर्चने डोकावायचं. वजनकाटा रोज ठरावीक वजनांनी तपासायचा. हे सगळं कंटाळवाणं आहे आणि कंटाळवाणंच असायला हवं. भाराचे, म्हणजे किती पावडर घालायची त्याचे, आकडे मी इथे मुद्दाम देत नाही. ते पावडर बनवणाऱ्याच्या चालू पुस्तकातूनच घ्यायचे, ब्लॉगवरून नाही, माझ्याही नाही. टंचाईत आणखी एक मोह होतो. पुस्तकातली पावडर मिळत नाही, मग "जवळपासची" दुसरी चालवून बघू. भाजीत कोथिंबिरीऐवजी कढीपत्ता घालण्याइतकं ते सोपं नाही. पावडर बदलली की काम पहिल्यापासून, सर्वांत कमी भारापासून.

शिशाचंही तसंच. जुन्या प्रायमरची धूळ, टंबलरमधली धूळ, हाताला लागलेलं शिसं. मी पुंगळ्या पाण्यात घासतो म्हणजे धूळ उडत नाही. टेबलापाशी खाणंपिणं नाही. उठलं की थंड पाणी आणि साबण. वर्षाच्या रक्ततपासणीत शिशाची चाचणी मागून घेतो. डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा कारण विचारलं, आता न विचारता लिहून देतात. घरात लहान मूल रांगत असेल तर या छंदाला काही वर्षं थांबवलेलं बरं.

मग मी काय करतो? लहानपणी आई मे महिन्यात गच्चीवर कुरडया घालायची आणि वर्षाची तूर-गहू भरून ठेवायची, कारण श्रावणात भाव कितीही चढले तरी तिला दुकानदाराचं तोंड बघायचं नव्हतं. माझं टेबल त्याच रीतीने चालतं. वर्षाला किती फैरी लागतात ते मला माहीत आहे. त्याच्या दीड-दोन वर्षांचा माल पाठीशी असतो, आणि जेवढा वापरला तेवढा परत आणायचा, तोही भाव पडलेले असताना, शक्यतो दुकानात जाऊन, म्हणजे तो धोकादायक मालाचा आकार वाचतो. प्रायमर एकाच कंपनीचे, पावडर रायफलला एक आणि पिस्तुलाला एक. याहून जास्त साठवायला मला पटत नाही, आणि नियमही आडवे येतात. इथल्या अग्निसुरक्षेच्या प्रमाण नियमांत राहत्या घरात प्रायमर दहा हजारांपर्यंत आणि पावडर मूळ डब्यांत वीस पौंडांपर्यंत अशी मर्यादा आहे, त्याहून जास्त पावडरीला जाड लाकडी पेटी वगैरे. गावोगावचे नियम वेगळे असतात, घराच्या विम्याचे आणखी वेगळे. माझ्या ओळखीत एकाने तळघरात एवढा साठा केला की टंचाई संपली तरी तो हात लावत नाही, पुढच्या टंचाईसाठी म्हणे. फळ्या रिकाम्या करणारे हेच लोक, आणि फळ्या रिकाम्या झाल्या म्हणून ओरडणारेही हेच.

कुणाला खरंच सुरुवात करायची असेल तर टंचाई ओसरून वर्ष होऊ द्या. भीतीने घेतलेले प्रेस तोवर गॅरेजमध्ये धूळ खात पडलेले असतात आणि अर्ध्या किमतीत बाहेर येतात. माझा हिरवा रॉक चकर प्रेस असाच एका इस्टेट सेलमध्ये, म्हणजे कुणी गेल्यावर त्याच्या घरातलं सामान विकतात तिथे, मिळाला. ओतीव लोखंडाच्या त्या धुडाला बिघडण्यासारखं फार काही नसतंच. डाय जुने घ्या, काटा मात्र नवा घ्या. आणि अशा विक्रीत सोबत फुकट म्हणून उघड्या, अर्धवट पावडरीच्या डब्या देऊ करतात, त्या घेऊ नका. लेबलावर लिहिलेलंच आत आहे याची खात्री ज्याला देता आली असती, तो बहुधा हयात नसतो.